कब्रस्तानातले दगड काय सांगतात?

रमजानच्या महिन्याचे तीन अशरे मानले जातात. पहिले दहा दिवस रहमतचे, म्हणजे कृपेचे. मधले दहा मगफिरतचे, म्हणजे क्षमेचे. शेवटचे दहा नरकाग्नीतून सुटकेचे. मगफिरतची दुवा फक्त जिवंत माणसांपुरती नसते. इफ्तारच्या दस्तरखानासमोर घरातली वडीलधारी मंडळी हात उचलतात, तेव्हा त्या दुवेत गेलेले आईवडील असतात, सासूसासरे असतात, लहानपणीच गेलेले एखादे भावंड असते. आणि ईदच्या सकाळी नमाज आटोपली, गळाभेट झाली, की अनेकांची पावले शिरखुर्म्याआधी कब्रस्तानाकडे वळतात.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर नांदगाव पेठ लागते. आज हे नाव घेतले की औद्योगिक वसाहत, कापड कारखाने आणि वीज प्रकल्प आठवतो. पण नावातच जुनी ‘पेठ’ आहे, म्हणजे बाजाराची जागा. पेठ म्हटली की वाटसरू आले, कारागीर आले, व्यापारी आले, आणि त्यातले काही कायमचे इथल्याच मातीत राहिले. वऱ्हाडातल्या अशा गावांमध्ये कब्रस्तान पूर्वी वस्तीबाहेर असे. आता वस्तीच त्याला वळसा घालून पुढे गेली आहे. कडुनिंबाची झाडे, तरवडाची झुडपे, भेगाळलेली काळी माती आणि मधूनच डोके वर काढणारा एखादा काळा दगड, एवढेच रस्त्यावरून दिसते. शेजारून रोज जाणाऱ्यांपैकी अनेकांनी तो दगड कधी जवळून पाहिलेला नसतो. ज्यांचे पूर्वज तिथे आहेत, त्यांच्यापैकीही फार थोड्यांना तो वाचता येतो.

हे दगड वाचता आले तर बरेच काही हाती लागते.

निशाणीचा दगड

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कब्रस्तानात दगड कमी का असतात? दोनशे-तीनशे वर्षांच्या कब्रस्तानात हजारो माणसे विसावलेली असतात, पण कोरलेले दगड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याचे कारण गरिबी एवढेच नाही. कबर साधी ठेवावी, तिच्यावर चुनेगच्ची करू नये, इमारत उभारू नये, लिहू नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. मातीचा माणूस मातीत मिसळावा, श्रीमंत आणि गरीब यांच्यात निदान तिथे तरी फरक राहू नये, हा त्यामागचा विचार. शिवाय जुन्या कबरीतला देह पूर्णपणे माती झाला, की त्याच जागी दुसऱ्याला दफन करण्याची मुभा आहे. त्यामुळे एका जागेत अनेक पिढ्या एकावर एक असतात. वर दिसणारी कबर ही त्यातली फक्त शेवटची.

पण याच परंपरेत दुसरी एक आठवण आहे. मदिनेत पैगंबरांचे सहकारी उस्मान बिन मजऊन यांना दफन केले, तेव्हा पैगंबरांनी स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. आपल्या या भावाची कबर ओळखता यावी, आपल्या घरच्यांनाही त्यांच्या जवळ दफन करता यावे, असे कारण त्यांनी दिले. दगडावर नाव नव्हते, स्तुती नव्हती. फक्त खूण होती. कबरींना भेट देण्याची मनाईही त्यांनीच पुढे उठवली, कारण तिथे गेले की माणसाला आपल्या अंताची आठवण होते.

साधेपणा हवा आणि ओळखही हवी, या दोन्हींमधून वाट काढत कब्रस्तान घडत गेले. खुणेची ही ओढ एका धर्माची नाही. नांदगाव पेठेपासून फार दूर नसलेल्या रिद्धपुरात महानुभाव पंथीयांनी आपल्या स्वामींच्या वावराच्या जागा ओटे बांधून जपल्या, आणि त्या जागांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ तयार केली. नागपूरजवळ जुनापाणीला दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. ती अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लोहयुगातली दफने आहेत. माहूरझरीच्या अशाच वर्तुळात तांब्याचे दागिने चढवलेला घोडा पुरलेला सापडला. त्या माणसांची भाषा आज कुणाला ठाऊक नाही, पण ‘इथे आमचे कुणी आहे’ एवढे त्यांच्या दगडांनी आजवर सांगितले आहे.

अक्षरांआधी आकार वाचावा

कब्रस्तानात शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती दिशा. सगळ्या कबरी उत्तर-दक्षिण असतात. डोके उत्तरेला, पाय दक्षिणेला, आणि देह उजव्या कुशीवर, म्हणजे चेहरा पश्चिमेकडे. कारण वऱ्हाडातून किबला, म्हणजे मक्केची दिशा, पश्चिमेला येते. यात एक गंमत आहे. अमरावती आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंश उत्तरेच्या आसपास. नकाशावर अमरावतीहून डावीकडे सरळ रेघ ओढली तर ती मक्केच्या अगदी जवळून जाते. पृथ्वी गोल असल्याने अचूक दिशा पश्चिमेपासून किंचित उत्तरेला झुकते, एवढेच.

खड्ड्याचेही दोन प्रकार आहेत. जमीन घट्ट असेल तर खड्ड्याच्या पश्चिम भिंतीत आडवी खोबण कोरतात आणि देह तिच्यात ठेवतात. ही ‘बगली’ कबर. माती ढासळणारी असेल तर मधोमध पेटीसारखा दुसरा खोल खड्डा घेऊन त्यावर फळ्या टाकतात. ही ‘संदूकी’. कुठे कोणती कबर घ्यायची हे पुस्तक पाहून ठरत नाही, ते गोरकन ठरवतो. फावड्याच्या पहिल्या काही घावांत त्याला कळते, की खाली मुरूम आहे की काळी माती.

मग दगडाचा आकार. जुन्या दगडी कबरीच्या माथ्यावर लांबट, उंचवट्यासारखा भाग असेल तर ती पुरुषाची कबर समजावी. त्या उंचवट्याला ‘कलमदान’ म्हणतात. माथा पाटीसारखा सपाट असेल तर ती स्त्रीची, आणि तिला ‘तख्ती’ म्हणतात. ताजमहालातही शाहजहानच्या कबरीवर कलमदान आणि मुमताजच्या कबरीवर तख्ती आहे. आग्र्याच्या संगमरवरातली ही रीत वऱ्हाडातल्या काळ्या पाषाणापर्यंत पोहोचलेली दिसते. उशाशी छोटा कोनाडा असेल तर ते चिरागदान, दिवा ठेवण्याची जागा. म्हणजे एक अक्षरही न वाचता, कबर स्त्रीची की पुरुषाची आणि तिच्यावर कुणी कधीकाळी दिवा लावत होते की नाही, एवढे कळून जाते.

सनाचे गणित

अक्षरे आली की अडचण सुरू होते. सुरुवातीला बहुधा ‘हुवल बाकी’ असे शब्द असतात. अर्थ असा, की उरणारा फक्त तोच, ईश्वर. मग ‘मरहूम’ किंवा ‘मरहूमा’, मग नाव. पुढे ‘बिन’ म्हणजे अमुकचा मुलगा, ‘बिन्ते’ म्हणजे अमुकची मुलगी, ‘साकिन’ म्हणजे अमुक गावचा रहिवासी. हा ‘साकिन’ फार उपयोगी शब्द आहे. माणूस कुठून आला होता, ते तोच सांगतो.

शेवटी सन असतो. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे. सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन. आठ म्हणजे तोच कोन उलटा, घराच्या छपरासारखा. पाच उलट्या बदामासारखा. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. हा ठिपका सगळ्यांत आधी झिजतो. १२०५ मधला ठिपका गेला की १२५ उरतात, आणि दोनशे वर्षांपूर्वीची कबर गावकऱ्यांच्या तोंडी बाराशे वर्षांची होऊन बसते.

सन हिजरी असेल तर तो इसवी सनात बदलण्याची सोपी रीत आहे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. सनाला ३३ ने भागायचे, आलेला आकडा मूळ सनातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. समजा दगडावर १२१८ आहे. ३३ ने भागले की सुमारे ३७ येतात. ते वजा केले की ११८१, आणि त्यात ६२२ मिळवले की १८०३. मात्र सनाखाली ‘फसली’ लिहिले असेल तर गणित बदलते. निजामाच्या मुलखात महसुली कामाला हा सन चाले आणि तो सौर वर्षाचा असे. त्यात फक्त ५९० मिळवायचे. तोच १२१८ आकडा फसली असेल तर १८०८ होतो. एका शब्दाने पाच वर्षांचा फरक पडतो.

१२१८ हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. १८०३ च्या १५ डिसेंबरला जनरल वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, आणि दोन दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख इंग्रजी महिन्यात असते. ती हिजरीत मोजली तर ती अगदी १२१८ च्या रमजानच्या तोंडावर येते. खाली एलिचपुरात रमजानचा चंद्र शोधला जात असेल, तेव्हा वरच्या डोंगरावर तोफा चालू होत्या. वऱ्हाडातल्या कुठल्याही दगडावर रमजान १२१८ दिसला, तर ती कबर त्या धामधुमीच्या दिवसांतली समजावी. मृत्यूचे कारण दगड सांगणार नाही, पण दिवस कोणते होते ते सांगेल.

काही दगडांवर आकडा नसतोच. त्याऐवजी फारसी किंवा उर्दूचा एखादा मिसरा असतो आणि त्यात सन दडवलेला असतो. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, असे करत ये १०, काफ २०, आणि शेवटी गैन १०००. या पद्धतीला ‘अबजद’ म्हणतात. मीम, हे, मीम, दाल या चार अक्षरांची बेरीज ४०, ८, ४० आणि ४ अशी ९२ होते, आणि ती अक्षरे मिळून ‘मुहम्मद’ हा शब्द. ट्रकच्या काचेवर आणि दुकानाच्या बिलावर दिसणारे ७८६ हेही असेच, ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्याची बेरीज. माणूस गेला की त्याच्या ओळखीतला शायर असा मिसरा रचायचा, ज्याची बेरीज मृत्यूच्या सनाइतकी भरावी. दुःख व्यक्त करायचे आणि हिशेबही चुकू द्यायचा नाही, अशी ही कला होती.

अचलपूर : नवरदेवाची कबर

वऱ्हाडात हे सगळे एका ठिकाणी पाहायचे तर अचलपुरात. जुने एलिचपूर ही इमादशाहीची राजधानी. त्या घराण्याचा संस्थापक फतहुल्लाह इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला, हिंदू घरात जन्मलेला मुलगा होता. युद्धात पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, सुभेदार झाला आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी स्वतंत्र सुलतान बनला. पुढे अठराव्या शतकात इथे पन्नी पठाणांची नवाबी आली. त्यांच्यातल्याच इस्माईल खान यांनी बाळापूरचा किल्ला १७५७ मध्ये पूर्ण केला. नवाब घराण्याच्या देखण्या कबरींची नोंद जुन्या गॅझेटियरातही आहे.

पण शहराचे खरे श्रद्धास्थान आहे बिच्छन नदीकाठचा दुल्हा रहमान यांचा दर्गा. कथा अशी, की अब्दुर्रहमान नावाचा तरुण लग्नाच्या मांडवातून उठून थेट इथल्या ईल राजाशी लढायला आला आणि नवरदेवाच्या वेषातच पडला, म्हणून तो ‘दुल्हा’. कथेत तो महमूद गझनवीचा भाचा आहे, आणि काळ अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एकोणिसाव्या शतकात एलिचपूरचे खतीब अमजद हुसेन यांनी ‘तारीखे अमजदी’ लिहिली. शहराच्या जुन्या कथा अशा ग्रंथांतून पुढे सरकारी गॅझेटियरात पोहोचल्या.

इथे दगड आणि कथा यांचे पटत नाही. गझनीची फौज वऱ्हाडापर्यंत आल्याचा पुरावा नाही. उत्तरेकडची पहिली मोठी स्वारी अलाउद्दीन खिलजीची, तेराव्या शतकाच्या अखेरची. एलिचपुरावरूनच तो देवगिरीला गेला. दर्ग्याची अकरा कमानी आणि चार दरवाजांची वास्तू बहामनी राजाने बांधल्याचे गॅझेटियर सांगते, म्हणजे ती त्याहून पुढच्या काळातली.

म्हणून कथा टाकून द्यायची का? तसे करण्याचे कारण नाही. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थच लग्न. सूफी परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे त्याचे परमेश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीला उरूस म्हणतात. दुल्हा रहमान यांच्या कथेत हा अर्थ शब्दशः उतरला आहे. वास्तू पाहिली तर बांधणीचा काळ कळतो. कथा ऐकली तर लोकांनी त्या जागेवर माया का केली ते कळते. दोन्ही आपापल्या जागी ठेवले की भांडण उरत नाही. आज ज्या दिवसांत जुन्या कबरींवरून माणसे एकमेकांवर धावून जातात, त्या दिवसांत दगडाला दगडाचे आणि कथेला कथेचे म्हणणे मांडू देणे फार गरजेचे झाले आहे.

पातूरला भेटणारे रहीम

अकोला जिल्ह्यातल्या पातूरला शेख बाबूंचा दर्गा आहे. नाव शेख अब्दुल अजीज, चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीकडून आलेले. गावाला एकेकाळी पातूर शेख बाबू असेच म्हणत. गावालगत डोंगरात कोरलेली प्राचीन लेणीही आहेत. म्हणजे एकाच गावात लेणीही आहेत आणि दर्गाही.

या दर्ग्याच्या कामात १६०६-०७ च्या सुमारास भर घातल्याची नोंद अब्दुर्रहीम खानखानान यांच्या नावाने आहे, असे गॅझेटियर सांगते. हे खानखानान म्हणजे अकबराच्या दरबारातले सेनापती, जे दख्खनच्या मोहिमांत बराच काळ बुऱ्हाणपुराला होते. आणि हेच ते रहीम, ज्यांचे दोहे हिंदीच्या पुस्तकात शाळेतल्या प्रत्येक मुलाने पाठ केलेले असतात. कृष्णभक्तीत रमलेला, ब्रजभाषेत लिहिणारा हा मुघल सरदार वऱ्हाडातल्या एका सूफीच्या दारात आपली खूण ठेवून गेला. शाळेच्या धड्यातले रहीम आपल्या जिल्ह्यातही येऊन गेले, हे पातूरच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

नाव नसलेल्या बायका

दगड वाचताना एक गोष्ट सतत टोचते. पुरुषाच्या कबरीवर त्याचे नाव असते, बापाचे असते, कधी हुद्दा असतो. स्त्रीच्या कबरीवर अनेकदा फक्त ‘जौजा’ किंवा ‘अहलिया’ आणि पुढे नवऱ्याचे नाव. म्हणजे अमुकची पत्नी. तिचे स्वतःचे नाव पडद्यात राहिले. सपाट तख्ती आहे, कोरीव वेल आहे, सन आहे. नाव तेवढे नाही.

अनेक घरांत बायका कब्रस्तानात जात नाहीत. त्या घरीच कुरआन वाचून सवाब पोहोचवतात. पण नावे त्यांच्याकडेच असतात. पणजीचे नाव काय, ती कोणत्या गावची, तिची किती मुले जगली, हे घरातल्या वृद्ध स्त्रीला विचारले तर सापडते. दगडावर जे लिहिले नाही, ते तिच्या तोंडी असते. तीही गेली की मग काहीच राहत नाही. रमजानच्या रात्री तरावीहनंतर घरे जागी असतात. पणजीचे नाव विचारून वहीत लिहून घ्यायला याहून चांगली वेळ कोणती?

या शोधात वऱ्हाडातल्या माणसाला एक मोठा आधार आहे, कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचे हे रजिस्टर. आज त्याची नक्कल लोक जातीच्या दाखल्यासाठी मागतात. त्यात हिंदू, मुसलमान, जैन, बौद्धांचे पूर्वज, सगळे एकाखाली एक लिहिलेले असतात, मृत्यू ज्या क्रमाने आला त्या क्रमाने. एकाच माणसाची नोंद कोतवाल बुकात मराठीत आणि दगडावर उर्दूत, अशी दोन लिप्यांत मिळू शकते. दोन्ही जुळवून पाहायला मात्र दोन्ही लिप्या येणारी माणसे एकत्र बसावी लागतात.

वाचणारे गेले, दगड राहिले

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे न्यायालये आणि कचेऱ्यांत मराठी रुजली. फारसी हळूहळू शिकवणाऱ्यांपुरती आणि मग त्यांच्याहीपुरती राहिली नाही. आज उर्दू वाचणारे भरपूर आहेत, पण नस्तालिकच्या वळणांत कोरलेला झिजका फारसी मिसरा त्यांनाही अडवतो.

इंग्रजांनी आपल्या मृतांची मात्र काळजी घेतली. एलिचपूरजवळ परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. अशा छावण्यांच्या दफनभूमीतले लेख ओ. एस. क्रॉफ्टन या सनदी अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडभर फिरून जमवले आणि १९३२ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यातून त्यांचे पुस्तक निघाले. कोण सैनिक, किती वर्षांचा, कोणत्या पलटणीचा, सगळे त्यात आहे. पेठेतल्या अत्ताराला, विणकराला, मौलवीला, त्यांच्या ‘जौजा’ला असा क्रॉफ्टन भेटला नाही.

पण दार बंद नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी आणि फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. देशभरातल्या या लिपीतल्या लेखांचे वाचन तिथून होते. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानाने या शाखेत आयुष्य घालवले. लेख टिपण्याची त्यांची रीत साधी आहे. दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशने थोपटत तो अक्षरांत दाबायचा आणि वरून काळी शाई टिपायची. डोळ्यांना न दिसणारे अक्षर कागदावर उमटते.

दगडांना धोका आहे तो दोन बाजूंनी. एक जमिनीचा. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. दरवर्षीच्या या हालचालीने दगड कलतात, रुततात, आणि शेवटच्या ओळी, म्हणजे नेमका सन, जमिनीखाली जातो. दुसरा धोका प्रेमाचा. शबे बारातच्या आधी तरुण मंडळी साफसफाई करतात, हे पुण्याचेच काम. पण त्या उत्साहात जुन्या लेखावर चुना, ऑइल पेंट चढतो, कुठे चकचकीत फरशी बसते. हेतू चांगला असतो आणि लेख मात्र कायमचा पुसला जातो.

करायचे ते फार नाही. लेख असलेल्या दगडाला रंग लावू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून पीठ, खडू, तेल चोळू नये, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर मुळीच नको. फोटो काढावा तो असरच्या नमाजनंतर. तेव्हाचे तिरके ऊन दगडावर आडवे पडते आणि झिजलेल्या अक्षरालाही सावली मिळते. रात्री बॅटरी बाजूने धरली तरी तेच साधते. फोटोसोबत दगड कुठल्या झाडापासून किती पावलांवर आहे, ते लिहून ठेवावे. आधी कब्रस्तानच्या जबाबदार मंडळींना विचारावे, कबरीवर पाय पडू देऊ नये. उर्दू शाळेचे गुरुजी, मराठी शाळेचे इतिहासाचे शिक्षक आणि गावचा गोरकन असे तिघे एका सुट्टीच्या दिवशी सोबत फिरले, तर नांदगाव पेठेएवढ्या गावाची यादी काही दिवसांत तयार होऊ शकते. गोरकनाला विसरू नये. कुठे खणताना फावडे दगडावर आपटले, ते फक्त त्याला माहीत असते.

गाडगेबाबांची समाधी अमरावतीत आहे. आधी खराटा हाती घ्यायचा, मग बोलायचे, ही त्यांची शिस्त या जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. कब्रस्तानातल्या एका दगडावरची माती मऊ हाताने झाडायला तर कोणताच धर्म आड येत नाही.

कब्रस्तानात शिरताना मुसलमान तिथल्या रहिवाशांना सलाम करतो. त्या सलामीचा अर्थ असा, की तुम्ही पुढे गेलात, अल्लाहने मनात आणले तर आम्हीही मागून येतोच आहोत. यंदा ईदच्या सकाळी हा सलाम करून झाल्यावर कुणी दोन मिनिटे जास्त थांबले, उशाशी कललेल्या एखाद्या काळ्या दगडापाशी वाकले आणि त्यावरचे एक नाव वाचून घरी सांगितले, तर कित्येक वर्षांनी त्या माणसाचे नाव पुन्हा कुणाच्या तोंडी येईल.